फुटामागं एक सूत

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे, उद्यमबागेत,
फौंड्रीच्या माडीवर आमचं ऑफिस.
खाली भट्टी लागली की कीबोर्ड कोमट होतो
आणि चहाला वाळूची चव येते.

कंग्राळकर सरांनी हे सगळं एकट्यानं लिहिलेलं:
माल पाठवायचं पान, पावतीचं पान,
ओव्हरटाइमचं वेगळं, परत आलेल्या मालाचं वेगळं.
एकूण एक्केचाळीस.
प्रत्येक पानाचा संसार स्वतंत्र,
आपलं कुलूप, आपली चूल,
डेटाबेसकडं जायची आपली पायवाट.
शेजारच्या पानाकडं मीठ मागायची पद्धत नाही.

"पावतीत चूक? मग पावती उघड.
जे जिथं दिसतंय, ते तिथंच असतंय," सर म्हणायचे.
रात्री दोनला फोन आला तरी
अर्ध्या झोपेत सांगायचे,
ओळ एकशे बारा, कॉमा बघ.

मग सरकारी कागदावर गावाचं नाव बदललं.
सरांनी एक्केचाळीस पानं उघडली
आणि प्रत्येकातला पत्ता हातानं खोडून लिहिला.
आठ दिवस.
डोळ्यांत थेंब घालून घालून.
त्याबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत,
म्हणून मीही विचारलं नाही.

मला हे आता नव्यानं बांधायचं होतं.
म्हटलं, पानं नकोत सर, वस्तू हव्यात.
गिऱ्हाईक ही वस्तू, तिची उधारी तिला पाठ.
पत्ता ही वस्तू, एकाच जागी राहणारी.
ओतीव ही वस्तू, विचारलं तर
स्वतःचं वजन स्वतः सांगणारी.
पान म्हणजे नुसती खिडकी.
सर हसले.
"खिडकीतनं घर दिसायला पाहिजे, पोरी.
तुझ्यात एक खिडकी उघडली की दुसरी खिडकी दिसते."

पहिल्याच महिन्यात एका पंपाच्या बॉडीचं वजन शून्य आलं.
सात फायली हुडकल्या.
एक म्हणाली, माझं नाही, बापाला विचार.
बाप म्हणाला, आजोबाकडनं आलंय.
आजोबाच्या फाईलमध्ये
मीच लिहून ठेवलेलं, नंतर बघू.

त्या रात्री जिना उतरून पॅटर्न शॉपमध्ये गेले.
गुंडूमामा मुतगेकर सागवानाला पॉलिश पेपर मारत होते.
"काय हुडकूलालीस एवढ्या रात्री?"
मी साचा उचलला, म्हटलं, मामा,
हा पंपापेक्षा मोठा वाटतोय.
"असणारच की. लोखंड गार होताना आकसतंय.
फुटामागं एक सूत."
त्यांनी मला त्यांची पट्टी दाखवली,
तिच्यावरचा इंच इंचापेक्षा जरासा मोठा.
"बाजारातली पट्टी घेऊन साचा केलास
तर एक नग बसायचा नाही.
आणि सगळे नग सारखे नसतात, ते बी लक्षात ठेव.
कुणाच्या पोटात बुडबुडा, कुणाचा कान तुटका.
साच्याला त्याचा दोष लावू नये."

वर येऊन मी पत्त्याची वस्तू पुन्हा लिहिली.
गावाच्या नावाला एक जागा सरकारी कागदासाठी,
एक तोंडातल्या नावासाठी,
आणि एक रिकामी.
रिकामी कशाला, हे सरांनी विचारलं.
मला नीट सांगता आलं नाही.
सूत, एवढंच म्हटलं.

जुना सर्व्हर बंद करायच्या आदल्या दिवशी
बेचाळिसावं पान सापडलं.
कुठल्या यादीत नाही, कुठून वाट नाही,
पूर्ण नाव टाइप केलं तरच उघडणारं.
सणाच्या उचलीचा तक्ता,
बेचाळीस-त्रेचाळीस कामगार, निम्मे आता नाहीत,
आणि माथ्यावर पत्ता,
जुनाच, जसाच्या तसा.

सर माझ्या खांद्यामागं उभे होते.
चष्मा पुसला, परत घातला.
"हे सुटलं व्हय," म्हणाले,
आणि गेट पडायच्या आत घरी जायला हवं म्हणून
डबा उचलून निघाले.

मी ते पान कुठल्याच वस्तूत बसवलेलं नाही.